एक्केचाळीस मशिनं, एक स्टूल

सर्व विभागप्रमुख, कारकून, टायपिस्ट, स्टोअरकीपर, गेटवरचे वॉचमन आणि कँटीनमधली मांजर यांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, कारखान्याच्या मालकीचं नसलेलं, पण कारखान्यात सगळीकडे फिरलेलं, सागवानी, दीड फूट उंचीचं, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी ठोकलेलं एक स्टूल गेल्या बुधवारपासून रिकामं आहे. त्यावर कोणीही बसू नये, चहाचा ट्रे ठेवू नये, पंखा पुसण्यासाठी चढू नये. आदेशावरून, सिस्टिम्स मॅनेजर.

भालेराव, हे सर्क्युलर मी खरोखर टाइप केलं होतं. एक्केचाळीस मशिनांवर एका दमात पाठवायची सोयही आता माझ्या टेबलावर आहे. बटणावर बोट ठेवलं आणि तुझा आवाज ऐकू आला, "सर्क्युलर कोण वाचतं रे, नाटक्या?" मग पुसून टाकलं. पुसून टाकण्यात माझा हात चांगला आहे, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत नाही.

तुझा जन्म कुठला, शिक्षण काय, नोकरीला कधी लागलास, हे मी लिहिणार नाही. ते पर्सोनेल खात्याच्या फाइलमध्ये आहे, आणि तिथेही तुझी जन्मतारीख चुकलेली आहे असं तूच सांगायचास. मी फक्त एवढंच लिहितो की बुधवारी सकाळी वहिनींचा फोन आला. एरवी त्या कारखान्यात फोन करत नाहीत. मी सवयीने म्हणालो, "काय वहिनी, नवरा हरवला का?" त्या "हो" म्हणाल्या.

आयुष्यभर मी लोकांना हसवत आलो. गणपतीत निवेदन मी करायचं, साहेबांची नक्कल मी करायची, निरोप समारंभात रडणाऱ्याला हसू येईपर्यंत बोलायचं. त्या एका वाक्यानंतर माझं तोंड दोन दिवस उघडलं नाही. तुला हे बघायला मजा आली असती.

आपण दोघं म्हणजे कारखान्याचा अख्खा संगणक विभाग. आठवतं, पहिली तीन मशिनं आली तेव्हा जनरल मॅनेजरांच्या केबिनला पंखा होता आणि मशिनांच्या खोलीला एसी? साहेब दुपारी दोननंतर "सिस्टिमचा आढावा" घ्यायला आपल्याकडे यायचे. बूट दाराबाहेर काढायचे, देवळात शिरल्यासारखे आत यायचे आणि खुर्चीत डोळे मिटून तासभर आढावा घ्यायचे. एकदा आढावा घेताना घोरले. तू हळूच प्रिंटर सुरू केलास. त्या काळचा प्रिंटर म्हणजे पत्र्यावर करवत. साहेब दचकून उठले आणि म्हणाले, "छान चाललंय काम!"

मग मशिनं एकेक करून खोलीबाहेर पडली. स्टोअर्समध्ये गेली, डिस्पॅचला गेली, टाइम ऑफिसला गेली. नवा प्रोग्रॅम आला की तो प्रत्येक मशीनवर आपण जाऊन घालायचा. फ्लॉप्यांचा डबा काखेत घेऊन गेटपासून पेंट शॉपपर्यंत पायपीट. एका मशीनला सात फ्लॉप्या, त्यातली सहावी हमखास खराब. मी चार दिवसांत कंटाळलो. तू मात्र शिवमंदिराजवळच्या सुताराकडून स्वतःसाठी स्टूल करून आणलंस. कोणाची खुर्ची मागायची नाही, हा तुझा नियम. ज्याचं मशीन आहे तो खुर्चीत, आपण शेजारी स्टुलावर. आणि पहिली फ्लॉपी घालण्याआधी तू प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचास.

"यात तुमचं घरचं काही आहे का?"

कंपनीच्या मशीनवर घरचं काही ठेवायला बंदी होती. तसं सर्क्युलर होतं, मीच लिहिलेलं. आणि तरी प्रत्येक मशीनमध्ये काही ना काही होतं. स्टोअरकीपरच्या मुलीसाठी बघितलेल्या स्थळांची यादी होती, शेऱ्यांसकट. पेंट शॉपच्या फोरमनने रचलेली भजनं होती. अकाउंट्समधला तो गंभीर माणूस चुपचाप नाटक लिहीत होता. तू काहीही न बोलता ते सगळं एका वेगळ्या फ्लॉपीवर उतरवून घ्यायचास, वर नुसता मशीनचा नंबर लिहायचास, मग प्रोग्रॅम घालायचास. मी किती वेळा तुझ्या पाया पडलो, "फक्त ते नाटक दाखव रे." तू डबा कुलपात टाकायचास. एवढा मोठा खजिना आणि तो माझ्यासारख्या माणसापासून दोन हातांवर! तो छळ होता, भालेराव.

टाइम ऑफिसमध्ये लालवाणी मॅडम. कामगारांची हजेरी ठेवणाऱ्या, उल्हासनगरच्या कॅम्प चारमधून येणाऱ्या, आणि साडेसातच्या ठोक्याला कारखान्यातलं पहिलं मशीन सुरू करणाऱ्या. तू पहिल्यांदा त्यांना प्रश्न विचारलास तेव्हा मी डबा धरून मागे उभा होतो.

"है थोडं घरचं, भालेराव साईं. पण साहेबांना सांगणार नाही ना?"

"साहेबांना मशीनचं बटण कुठे असतं तेही माहीत नाही, मॅडम. सांगा तुम्ही."

त्यांचे वडील फाळणीनंतर सिंधमधून आलेले. म्हातारपणी त्यांना सकाळी काय खाल्लं ते आठवायचं नाही, पण तिकडच्या आपल्या गल्लीतलं घर अन् घर आठवायचं. दर रविवारी ते मनाने एकेका दाराशी थांबायचे. या घरात कोण राहायचं, मुलं किती, अंगणात झाड कसलं, इकडे आल्यावर ते लोक कुठे गेले. कोणी कॅम्प एकला, कोणी पुण्याला, कोणाचा पत्ताच नाही. मॅडम ते कॅलेंडरच्या पाठीवर खरडून आणायच्या, सोमवारी जेवणाच्या सुट्टीत टाइप करायच्या आणि कागद फेकून द्यायच्या. कागदाला वाळवी लागते, मशीनला लागत नाही, असा त्यांचा विश्वास होता. तो विश्वास त्यांना आपणच दिला होता. एसी लावून, बूट काढायला लावून.

तू ती फाइल फ्लॉपीवर घेतलीस तेव्हा गल्ली निम्मी झाली होती. त्यानंतर दर गुरुवारी मॅडमच्या डब्यात तुझ्यासाठी एक जादा कोकी यायला लागली. कांदा घातलेली, जाड, तव्यावर दोनदा भाजलेली सिंधी पोळी. मला कधीच अख्खी मिळाली नाही. "तुम्ही हसता," असं म्हणून मला तुकडा.

पुढे नेटवर्क आलं. कारखानाभर केबल टाकली, आपल्या खोलीत एक मोठं मशीन बसवलं आणि बाकीची सगळी त्याला जोडली. आता पायपीट नको, फ्लॉप्या नकोत. आपण एका जागी बसून हुकूम लिहायचा, आणि सकाळी ज्यानं त्यानं आपलं नाव टाइप केलं की नवा प्रोग्रॅम आपोआप त्याच्या मशीनवर उतरणार. मला राज्याभिषेक झाल्यासारखं वाटलं. तू मात्र स्टूल काही टाकलं नाहीस.

"आता कशाला जातोस?" मी विचारायचो.

"विचारायला."

"अरे, मशीन कंपनीचं. त्यात कंपनीचं काम. विचारायचं काय?"

"कंपनी साडेसातला येऊन बसते का त्याच्यासमोर?"

हे भांडण आपण किती वेळा केलं असेल! चहावर केलं, स्टेशनकडे चालताना केलं, तुझ्या मुलीच्या वाढदिवसाला श्रीखंडाची वाटी हातात धरून केलं. मला वाटायचं मी जिंकतोय, कारण मी जास्त बोलायचो.

आणि मग तो शनिवार. तू मुलीच्या अ‍ॅडमिशनसाठी नाशिकला गेला होतास. सगळी मशिनं ज्याने उघडतात तो मुख्य पासवर्ड फक्त तुझ्याकडे असायचा. जाताना तो कागदावर लिहून मला दिलास आणि म्हणालास, "गरज पडली तरच." हजेरीचा नवा प्रोग्रॅम आला होता. तू परत आल्यावर स्टूल घेऊन दोन आठवडे फिरणार होतास. मी म्हटलं, याला जरा चकित करू. सोमवारी परत येईल तेव्हा सगळ्या मशिनांवर काम झालेलं असेल. मशिनांत जागा कमी होती, म्हणून हुकुमाच्या सुरुवातीला मी एक ओळ घातली. आधी अमुक कप्प्यातल्या जुन्या फाइली पुसा, मग नवं उतरवा. एकच ओळ. लिहून झाल्यावर मी स्वतःलाच टाळी दिली होती, हे तुला कधी सांगितलं नाही.

सोमवारी साडेसातला लालवाणी मॅडमनी आपलं नाव टाइप केलं. त्यांच्याच हाताने. मग डिस्पॅचने केलं, मग स्टोअर्सने. तू नाशिकहून थेट कारखान्यात आलास, पिशवी खांद्यावर, आणि डिस्पॅचमधला आरडाओरडा ऐकून तुला एका क्षणात कळलं. तू पळालास. चाळिशीतला, चष्मा सांभाळणारा माणूस शॉपफ्लोअरवरून ओरडत पळतोय, "नाव टाकू नका! मशीन बंद करा!" कामगारांना वाटलं आग लागली. बावीस मशिनं तू वाचवलीस. एकोणीस गेली होती.

डिस्पॅचची पाठवणीची यादी गेल्यामुळे गेटवर ट्रक अडकून पडले, म्हणून प्रकरण साहेबांपर्यंत गेलं. नाहीतर गेलंच नसतं. भजनं आणि स्थळं गेली म्हणून कोण तक्रार करणार? ती तिथे असायलाच नको होती.

केबिनमध्ये साहेबांनी विचारलं, "शनिवारी कोणी केलं हे?" तू माझ्याकडे बघितलंस. रागाने नाही. रांगेत पुढच्या माणसाकडे बघतात तसं, त्याची पाळी आहे म्हणून. साहेबांच्या केबिनला एव्हाना एसी लागला होता. मी त्या एसीकडे बघत राहिलो. किती वेळ गेला असेल? दहा सेकंद? एवढ्या वेळात मी एरवी दोन विनोद सांगतो.

मग तू म्हणालास, "पासवर्ड माझा आहे, साहेब. जबाबदारी माझी."

तुला मेमो मिळाला. पुढच्या वर्षी मॅनेजरची जागा निघाली, ती मला मिळाली. माझ्या केबिनवरची पाटी तूच ठोकलीस. वाकडी लागली म्हणून काढून पुन्हा सरळ लावलीस.

पण मला रात्रंदिवस आठवतं ते यातलं काही नाही. आठवतं ते त्याच सोमवारी टाइम ऑफिसमध्ये काय झालं ते. पुसलेली फाइल परत आणायचा एक मार्ग होता. तिच्यावर दुसरं काही लिहिलं गेलं नसेल तर ती मिळायची, फक्त नावातलं पहिलं अक्षर हरवलेलं असायचं, ते आपण सांगावं लागायचं. तू स्टुलावर बसलास. मॅडम खुर्चीत. वडील त्याच वर्षी होळीच्या सुमारास गेले होते. जाण्याआधी गल्लीच्या शेवटच्या घरापर्यंत पोचले होते.

"मॅडम, फाइलच्या नावाचं पहिलं अक्षर?"

"जी," मॅडम म्हणाल्या. इंग्रजीतलं जी. गल्लीचं.

फाइल उघडली. पहिली चार घरं दिसली, आणि पुढे सगळा आपला हजेरीचा प्रोग्रॅम. त्या माणसांच्या जागी पाळ्या आणि कामगारांचे नंबर. तू कुलपातला डबा आणलास, निम्म्या गल्लीची ती जुनी फ्लॉपी दिलीस; मधल्या काळात टाइम ऑफिसला नवा प्रोग्रॅम आलाच नव्हता. मॅडमनी घेतली. जबाबदारी तू घेतल्याचं कारखानाभर झालं, तेव्हापासून सगळ्या टाइम ऑफिसला त्या एकच गोष्ट सांगत होत्या. "बाकी कोणी न विचारता पुसलं असतं तर समजलं असतं. पण हा माणूस विचारायचा. ह्यानेच विचारलं नाही." ते "जी" त्यांचं तुझ्याशी शेवटचं बोलणं. कोकी बंद झाली.

आणि तू त्यांचा गैरसमज काढायला गेला नाहीस. पाच वर्षं त्यांच्या मशीनचं काम त्या जेवायला गेल्या की करायचास. आदल्या दिवशी चिठ्ठी ठेवायचास, घरचं काही असेल तर फ्लॉपी टेबलावर ठेवा. त्या फ्लॉपी ठेवायच्या. तू परत ठेवायचास. एक शब्द नाही. कारखान्यातलं सगळ्यात शिस्तशीर काम होतं ते.

एकदाच मी विषय काढला. शिवमंदिरामागे, वालधुनीच्या कठड्याशी आपण स्कूटर उभी केली होती. नदीला त्या दिवशी कुठल्या तरी कारखान्याचा जांभळा रंग होता. मी म्हटलं, "तू त्या बाईंना सांगत का नाहीस, की तू नव्हतास म्हणून?"

"मी सांगून काय? तू सांगशील म्हणून थांबलोय."

"आणि नाही सांगितलं तर?"

"थांबेन."

मी हात जोडून, गुडघ्यावर बसून, रडवेल्या आवाजात म्हणालो, "क्षमा, महाराज!" शेजारचे भेळवाले हसले. तूही हसलास. मला वाटलं, झालं, मिटलं. आता वाटतं, तू तेवढा मोठा होतास म्हणून हसलास. मी तेवढा लहान होतो म्हणून मला ते पुरलं.

मंगळवारी आपलं शेवटचं भांडण झालं. दोन हजार साल लागलं की जुन्या मशिनांची तारीख गडबडणार, म्हणून प्रत्येक मशीनमध्ये दुरुस्ती घालायची होती. तुझी सव्वीस मशिनं झाली होती, स्टूल घेऊन. मी म्हणालो, "उरलेली पंधरा मी इथून एका दमात करतो. आता तर इथे बसून कोणाच्याही मशीनचा पडदा दिसतो मला." तू म्हणालास, "पडदा दिसतो ना, मग विचारून बघ पडद्याला." मी उत्तर तयार करत होतो. चांगलं उत्तर होतं. तेवढ्यात तू घड्याळ बघितलंस. "उद्या बोलू. आज वहिनीला डोळ्याच्या डॉक्टरकडे न्यायचंय." तू माझ्यासमोर स्वतःच्या बायकोला वहिनी म्हणायचास, हे मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा जाणवलं आणि हसायला आलं. उद्या सांगू म्हटलं.

काल कँटीनमध्ये शोकसभा झाली. तुझा फोटो पिकनिकचा, कापून मोठा केलेला. खांद्यावर एक हात दिसतो, तो माझा. वहिनी आणि मुलगी पुढे बसल्या होत्या. बोलायला अर्थातच मला उभं केलं. लोक माझ्याकडे आशेने बघत होते, की हा माणूस आता आपल्याला रडवेल, मग हसवेल आणि घरी पाठवेल. मी तयारी केली होती. आढावा घेणाऱ्या साहेबांचा किस्सा होता. तुझ्या चालीची नक्कल होती, काखेत डबा, हातात स्टूल. प्रिंटरचा आवाजसुद्धा काढून दाखवणार होतो.

मागे, पाण्याच्या पिंपाशेजारी लालवाणी मॅडम बसल्या होत्या. आल्या होत्या, पण फोटोकडे बघत नव्हत्या. खिडकीबाहेर बघत होत्या, सभा संपायची वाट बघत.

मी साहेबांच्या किश्श्याने सुरुवात केली. दोन वाक्यं झाली, लोक हसले. तिसरं वाक्य आलं नाही. त्याऐवजी मी म्हणालो, "त्या सोमवारी जे पुसलं गेलं, ते भालेरावांनी पुसलं नव्हतं. ते नाशिकला होते. ती ओळ माझी. केबिनमध्ये ते माझ्याकडे बघत होते आणि मी गप्प बसलो. मेमो त्यांनी घेतला, पाटी मी घेतली."

आवाज चढवला नाही, हात हलवला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच असं सरळ बोललो, तर कोणाला पटेना. पुढच्या रांगेतले एक-दोघं अजून हसत होते, पुढे काहीतरी गंमत येणार म्हणून. वहिनींनी मान खाली घातली. त्यांना तू सांगितलं होतंस का, ते मला कळलं नाही, विचारायची हिंमत झाली नाही. साहेब छताकडे बघत होते.

तेव्हा मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. लालवाणी मॅडम उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता माझ्याकडे येतील, काही बोलतील, थोबाडीत मारतील. मी त्यासाठी उभाच होतो. पण त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. खुर्च्यांच्या मधून वाट काढत त्या थेट तुझ्या फोटोसमोर आल्या आणि अख्ख्या कँटीनला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अरे साईं! म्हणजे पाच वर्षं मी चुकीच्याच माणसाशी कट्टी केली?"